पट्टी कोणाच्या ओळीवर

आमच्या दुकानात दोन भाऊ आहेत आणि एक कॉम्प्युटर. भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. कॉम्प्युटर दोघांशी बोलतो, आणि उरलेलं सगळं बोलणं माझ्याकडे असतं. धाकटा भाऊ माझा नवरा, थोरले माझे दीर. मी त्यांना भाऊजी म्हणते. ते मला मास्तरीणबाई म्हणतात, कारण लग्नाआधी मी शाळेत गणित शिकवायचे आणि लोकांच्या चुका काढायची सवय माझी अजून गेलेली नाही.

दुकान वजनकाटे दुरुस्तीचं. काटा येतो, आम्ही तो उघडतो, नीट करतो, प्रमाण वजनं ठेवून तपासतो आणि वर शिशाचं सील मारतो. सील म्हणजे दुरुस्त करणाऱ्याची अब्रू. आमच्या धंद्यात दुसऱ्याचं सील त्याला न विचारता तोडणं म्हणजे भर बाजारात त्याला चोर म्हणणं. भाऊजींनी एकदा नेमकं तेच केलं. एक गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं, नवरा जेवायला वर गेला होता, भाऊजींनी गिऱ्हाइकासमोर त्याचं सील कचकन तोडलं आणि काटा तपासला. काटा बरोबर निघाला. तो बरोबर निघाला हेच वाईट झालं. चूक निघाली असती तर नवरा दोन दिवस तोंड पाडून बसला असता आणि विषय संपला असता. त्या दिवसापासून दोघांच्या तोंडाला कुलूप. याला आता इतकी वर्षं झाली की तो काटा केव्हाच भंगारात गेला.

तेव्हापासून दुकानाचं पोस्ट ऑफिस मी चालवते. मधे एक टेबल, त्याच्या अलीकडे एक भाऊ, पलीकडे दुसरा. हा म्हणतो, "त्यांना सांग, स्क्रू फिरवताना डोळे मिटून घेतात काय." ते ऐकत उभे असतात. मग मी म्हणते, "भाऊजी, हे म्हणतात, तेवढा स्क्रू एकदा बघता का." ते म्हणतात, "तुझ्या नवऱ्याला सांग, मी स्क्रू फिरवत होतो तेव्हा हा रांगत होता." मग मी वळून सांगते, "भाऊजी बघतो म्हणालेत." माझ्या निरोपात किती साखर असते हे दोघांनाही ठाऊक आहे. म्हणून माझ्या शब्दावर आता कोणीच विश्वास ठेवत नाही.

घर दुकानाच्या वर. पहिल्या मजल्यावर आम्ही, दुसऱ्यावर भाऊजी आणि मोठ्या जाऊबाई. आमचं दोघींचं उत्तम जमतं, त्यामुळे भांडणाला घरातून काही मदत मिळत नाही. ते बिचारं दुकानातच वाढलं.

कॉम्प्युटरची वाटणी माझ्या लेकीने केली होती. ती दुसऱ्या गावात नोकरी करते आणि तिला यातलं कळतं. नवऱ्याला तपासणीचे दाखले छापायला मुक्त सिस्टीम हवी होती. ती फुकट मिळते, पण फुकट म्हटलं की त्याला राग येतो, मुक्त म्हणायचं. भाऊजींना इलेक्ट्रॉनिक काट्यांचा जो प्रोग्रॅम लागतो तो फक्त विकतच्या सिस्टीमवर चालतो. लेकीने डिस्कचे दोन भाग केले, एकात हे, एकात ते. बटण दाबलं की आधी एक यादी यायची. वरच्या ओळीत नवऱ्याची सिस्टीम, खालच्या ओळीत भाऊजींची, आणि दोन्हींपैकी एका ओळीवर पांढरी पट्टी. बाणाच्या बटणाने पट्टी वरखाली करायची. काहीच केलं नाही, तर दहा सेकंदांनी पट्टी ज्या ओळीवर असेल ती सिस्टीम आपोआप उघडते.

सकाळी नवरा बसतो. दुपारी तो बाहेरच्या कामांना जातो, बाजारातले मोठे काटे जागेवरच दुरुस्त करावे लागतात. मग भाऊजी येतात ते दुकान बंद होईपर्यंत. उठणाऱ्याने मशीन बंद करून उठायचं, हा नियम. दोघं एका वेळी कधीच खुर्चीत नसतात. त्यामुळे भांडणाची प्रकृती ठणठणीत होती.

मग एके दिवशी सकाळी नवऱ्याने सिस्टीम अपडेट केली.

अपडेट होता होता मशीनने त्याला एक प्रश्न विचारला. सुरुवातीच्या यादीची जी फाईल आहे तिच्यात इथे कोणीतरी बदल केलेले दिसतात; तुमचे बदल ठेवू, की बनवणाऱ्यांची मूळ फाईल घालू? दुसरा कोणीही असता तर त्याने आहे ते ठेव म्हटलं असतं. पण माझा नवरा काटेवाला. आमच्याकडे पहिला धडा हा, की काट्यात मधल्या कोणी हात घातलेला दिसला तर आधी तो काढायचा आणि बनवणाऱ्याचं सेटिंग परत आणायचं, मग पुढचं. त्याने एका क्षणात मूळ फाईल निवडली. मला वर येऊन सांगितलंसुद्धा, "कोणीतरी खुडबुड करून ठेवली होती. साफ केली." ती खुडबुड त्याच्या लेकीची होती.

मग बाजारातून घाईचं बोलावणं आलं आणि तो मशीन तसंच बंद करून पळाला. दुपारी भाऊजी आले. बटण दाबलं. यादी आलीच नाही. मशीन सरळ नवऱ्याच्या सिस्टीममध्ये गेलं आणि त्याने लावलेलं पितळी तराजूचं चित्र पडद्यावर आलं. भाऊजींनी बंद केलं, परत लावलं. परत तराजू. ते चित्राकडे बघत बसले. मग चष्मा काढून पुसला, घातला आणि मला म्हणाले, "मास्तरीणबाई, रिकामी खोकी आहेत का गं?"

मला वाटलं, कोणाचा तरी काटा पाठवायचाय. मी चार खोकी आणून दिली. त्यांनी पहिल्या खोक्यात स्वतःचे पक्कड, चिमटे, डाग द्यायचं यंत्र असं ठेवायला घेतलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"भाऊजी, हे काय चाललंय?"

"आमची लेक कधीची बोलावतेय. तिच्या गावात काटेवाला नाही. तिच्याकडे खाली एक खोलीही आहे."

"पण असं अचानक?"

"अचानक कसलं? माझा भाग त्यानं पुसून टाकला. तोंडानं जा म्हणाला असता तरी चाललं असतं. तेवढं बोलण्याइतकाही मी राहिलो नाही."

टेम्पो शनिवारी दुपारी येणार होता. भाऊजी गेले की दुकान अर्धं होणार. इलेक्ट्रॉनिक काटे नवऱ्याला येत नाहीत, आणि दोन माणसांनी उचलायचं वजन तो एकटा उचलणार नाही. पण मला धंद्याचं दुःख नव्हतं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या मजल्यावर कोणी नाही, जिन्यात जाऊबाईंच्या चपला नाहीत, आणि टेबलापलीकडे मास्तरीणबाई म्हणणारं कोणी नाही, ही कल्पना मला सोसेना. मला भाऊजी हवे होते. मला ते भांडणासकट चालत होते.

नवरा संध्याकाळी आला. मी सांगितलं. तो पांढराफटक पडला आणि मग चिडला. त्याच्याकडे दोन्ही गोष्टी नेहमी याच क्रमाने होतात. "मी काही पुसलं नाही! त्यांना सांग, मी त्यांच्या भागाला हात लावलेला नाही."

मी जिना चढून सांगितलं. भाऊजी म्हणाले, "साखर."

तेव्हा दुरुस्ती करणं मलाच भाग होतं. शिकवायचा अनुभव मला आहे, आणि बंद पडलेलं मशीन हे ढ मुलासारखंच असतं. त्याला काय येत नाही ते आधी त्याच्याच तोंडून काढून घ्यावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याला खुर्चीतून उठवलं आणि बसले. लोकांनी इंटरनेटवर लिहिलं होतं, की यादी लपली असेल तर मशीन सुरू होताना एस्केपचं बटण दाबा. मी दाबलं. काही दिसेना म्हणून पुन्हा पुन्हा दाबलं, आणि यादीच्याही पलीकडे जाऊन एका काळ्या पडद्यावर पोचले, जिथे नुसतं "ग्रब" लिहिलेलं होतं आणि पुढे एक रेघ लुकलुकत होती. ग्रब हे त्या यादीवाल्याचं नाव. तो म्हणत होता, बोला, काय करू? मला काय बोलावं ते सुचेना. आगीतून फुफाट्यात. शेवटी बटण दाबून धरून मशीनच बंद केलं आणि या वेळी एस्केप एकदाच दाबलं, शहाण्यासारखं.

यादी आली. वरच्या ओळीत नवऱ्याची सिस्टीम, तिच्याखाली तिचेच आणखी दोन प्रकार. भाऊजींची ओळ नव्हती.

आता एकच प्रश्न होता. ओळ गेली, की तिच्यामागचं सगळंच गेलं? मी नवऱ्याची सिस्टीम उघडून तिथून डिस्कचे भाग पाहिले. भाऊजींचा भाग जागेवर होता. आत त्यांच्या गिऱ्हाइकांची नावं, त्यांचा प्रोग्रॅम, नातवाचे फोटो, सगळं जसंच्या तसं. घर उभं होतं, दारावरची पाटी तेवढी गेली होती. मी तिथल्या तिथे खुर्चीला टेकून डोळे मिटले. मग वर जाऊन जाऊबाईंना सांगितलं, की भाऊजींचं काहीही गेलेलं नाही. त्यांनी ते भाऊजींना सांगितलं. भाऊजींनी त्यांनाही साखर म्हटलं, हा संसर्ग आता वरच्या मजल्यावर गेला होता.

खाली येऊन मी ग्रबला यादी नव्याने करायचा हुकूम दिला. त्याने केली, आणि जाता जाता सांगितलं, की इतर सिस्टीम शोधायचं काम मी करत नाही, कारण ते बंद करून ठेवलेलं आहे. कोणी बंद केलं? कोणीच नाही. बनवणाऱ्यांनी नव्या आवृत्तीत काळजीपोटी ते मुळातच बंद ठेवलंय. आणि घरात एकच सिस्टीम आहे असं वाटल्यावर, निवडायला काही नाही म्हणून ग्रब यादीच दाखवत नाही. म्हणजे पुसलं कोणीच नव्हतं. फक्त बघायचं सोडून दिलं होतं. मी ती ओळ शोधून काढली. तिथे "शोधणं बंद: नाही" असं लिहायचं असतं. सरळ "शोध" असं लिहायची सोय नाही. शाळेत एखाद्या मुलाने असं वाक्य लिहिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. तिथेच यादी दहा सेकंद दाखवायला सांगितली आणि हुकूम पुन्हा दिला. या वेळी ग्रबने दुसऱ्या भागात एक सिस्टीम सापडल्याचं कळवलं, जणू काही त्यानेच शोध लावला होता.

मशीन बंद करून लावलं. वर नवऱ्याची ओळ, तळाशी भाऊजींची. मी दोन्ही उघडून पाहिल्या. दोन्ही चालू. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

दुपारी भाऊजींना खुर्चीत बसवून मी बटण दाबलं. "बघा. आली की नाही तुमची ओळ?"

त्यांनी वाकून पाहिलं. "आली. तू आणलीस."

"मशीनचीच चूक होती, भाऊजी. यांची नव्हती."

"असेल." ते पडद्याकडे बघत होते. "पट्टी वर आहे."

"मग बाण दाबा की. एक बटण."

"दाबतो ना," ते म्हणाले. पण बाण सापडेपर्यंत दहा सेकंद होऊन गेली आणि तराजूचं चित्र आलं. त्यांचा चष्मा जाड, आणि बाण त्या कीबोर्डवर कोपऱ्यात. त्यांनी मशीन बंद केलं, परत लावलं आणि बोट आधीच बाणावर धरून बसले. संध्याकाळी त्यांनी आणखी एक खोकं भरलं.

पुढचे दोन दिवस असेच गेले. भाऊजी रोज दुपारी यायचे, पडद्याकडे बघायचे, मान हलवायचे आणि काम संपलं की खोकं भरायचे. आणि नवरा रोज सकाळी मशीन लावून समाधानाने हुं म्हणायचा, मग खोकी बघून त्याचं डोकं फिरायचं.

"अजून भरतायत? एवढं करूनही?"

"काय करूनही?" मी विचारलं. दुरुस्ती मी केली होती.

"काही नाही," तो म्हणाला.

गुरुवारी संध्याकाळी मी दुकानात केर काढत होते. भाऊजींनी काम संपवलं, मशीन बंद केलं, उठले, जिन्याकडे वळले. मग परत बसले आणि मशीन लावलं. यादी आली, वरच्या ओळीवर एंटरचं बटण दाबलं, नवऱ्याची सिस्टीम उघडायला लागली तसं लगेच बंद केलं आणि वर निघून गेले. मी झाडू हातात धरून बघत राहिले. मला वाटलं, वय झालं. जायच्या विचाराने माणसाची मती गुंग होते.

शुक्रवारी दुपारी नवरा बाहेर जायला निघाला. मशीन बंद केलं, पिशवी खांद्याला लावली, दारापर्यंत गेला. परत आला. मशीन लावलं. बाणाने पट्टी खाली नेली, भाऊजींची सिस्टीम उघडायला लागली तसं बंद केलं. मग माझ्याकडे न बघता सटकला.

आता दोन माणसांची मती एकाच पद्धतीने गुंग होत नाही, घराणं एक असलं तरी.

मी टेबलाशी बसले आणि गणित मांडलं. पट्टी जर शेवटी जिथे ठेवली तिथेच राहत असेल, तर दुपारी नवरा ती भाऊजींच्या ओळीवर ठेवून जाणार, म्हणजे भाऊजींना बाण शोधायला नको. आणि संध्याकाळी भाऊजी ती नवऱ्याच्या ओळीवर ठेवून जाणार, म्हणजे सकाळी त्याला त्याची ओळ तयार. पण पट्टी आता राहत नव्हती. मी दुरुस्त केलेल्या यादीत ती प्रत्येक वेळी वरच्या ओळीवर येऊन बसायची, कोणी काहीही केलं तरी. वर नवरा होता. त्याला रोज सकाळी पट्टी आपल्या ओळीवर दिसत होती आणि दादा अजून ठेवतोय असं वाटत होतं. भाऊजींना रोज दुपारी पट्टी त्याच्याच ओळीवर दिसत होती आणि धाकट्यानं सोडून दिलं असं वाटत होतं. दोघंही न चुकता ठेवत होते. मशीन विसरत होतं.

मी लेकीला फोन लावला. "काय गं, पट्टी लक्षात ठेवायची काही सोय केली होतीस का तू?"

ती म्हणाली, "आई, बाबांनी शपथ घातली होती."

"कसली शपथ?"

"तुला सांगायचं नाही म्हणून. काकांना बाण सापडेपर्यंत दहा सेकंद संपतात ना, मग भलतंच उघडतं. बाबा म्हणाले, शेवटी ठेवली तिथेच पट्टी राहू दे, मी दुपारी जाताना दादाच्या ओळीवर ठेवून जात जाईन."

"आणि काका?"

"काकांचं मला माहीत नाही. ते त्यांनी आपलं आपण सुरू केलं असणार."

मी फोन ठेवला. मला आनंद व्हायला हवा होता. आधी संताप आला. इतकी वर्षं मी टेबलाच्या या बाजूचे निरोप त्या बाजूला वाहिले, साखर संपवली, आणि हे दोघं माझ्या पाठीमागे रोज दोन वेळा एकमेकांशी थेट बोलत होते! ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं ते माझ्यापासून. मग संताप ओसरला आणि मला रडू आलं. केर काढायचा राहिला होता, तो डोळे पुसत काढला.

त्या संध्याकाळी भाऊजी आपली पट्टी ठेवून वर गेल्यावर मी बसले. काम दोन ओळींचं होतं. एका ओळीत सांगायचं, की शेवटी जपून ठेवलेलीच सिस्टीम निवड. दुसरीत सांगायचं, की जी उघडेल ती जपून ठेव. हुकूम दिला, चाचणी केली. पट्टी खाली ठेवली, मशीन बंद करून लावलं, पट्टी खालीच. मग वरच्या ओळीवर ठेवून बंद केलं, कारण भाऊजी ती वर ठेवून गेले होते. चाचणीसाठी उचललेलं वजन परत त्याच्या खाचेत ठेवावं लागतं.

दोघांना सांगून टाकायचं का? मी जिन्यात उभी राहून विचार केला. भाऊजींना सांगितलं असतं की मशीन विसरत होतं, तर ते काय म्हणाले असते ते तुम्हालाही आता पाठ असेल. जे काय व्हायचं ते पडद्यावरच दिसायला हवं होतं. उद्या दुपारी नवरा पट्टी ठेवणार, भाऊजी ती बघणार. एवढंच व्हायचं होतं.

शनिवारी सकाळी नवरा चहा घेताना म्हणाला, "जायचंच ठरवलंय ना त्यांनी, जाऊ दे. माणसानं किती दिवस आपलं एकतर्फी..." आणि कप आपटून खाली गेला.

मी कप विसळायला घेतला. नेमका आजच हा हात आखडता घेणार!

मी जाऊबाईंना गाद्या बांधायला मदत करत होते तेव्हा खालून स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. रोजच्यापेक्षा बराच लवकर. मी दोरीचं टोक जाऊबाईंच्या हातात दिलं आणि खाली धावले. भाऊजी अजून आंघोळीला होते. दुकानात कोणी नव्हतं.

काट्यावर बोट ठेवायचं नाही, हा या घरातला एकमेव धर्म. माझ्या सासऱ्यांनी देवाला हात जोडलेले मी पाहिले नाहीत, पण पारड्याजवळ श्वास जोरात सोडला म्हणून त्यांनी माणसांना दुकानाबाहेर काढलेलं आहे. मी त्यांची सून. आणि मी चक्क काट्यावर बोट ठेवायला चालले होते. पट्टी खाली न्यायची, मशीन बंद करायचं, वर जाऊन गादी बांधायची. कोणाला कळणार? मी बटण दाबलं.

यादी आली. पट्टी खालच्या ओळीवर होती.

भाऊजींच्या ओळीवर. आधीच. कप आपटून गेलेला माणूस जाताना ठेवून गेला होता. मी तोंडावर हात धरून बघत राहिले.

"तू ठेवलीस."

मी दचकून वळले. दारात भाऊजी उभे, ओले केस, हातात प्रमाण वजनांची पेटी. ती ते स्वतःच्या हाताने नेणार होते, टेम्पोत घालणार नव्हते.

"नाही, भाऊजी! आत्ता लावलं मी. यांनीच ठेवलीय. ती आता राहते, मी काल नीट केलंय. मधे मशीन विसरत होतं."

"हो का?"

"शप्पथ सांगते."

"तुझ्या शपथेतही साखर असते, मास्तरीणबाई."

दहा सेकंद झाली आणि त्यांची सिस्टीम आपोआप उघडली. नातवाचा फोटो पडद्यावर आला. भाऊजी फोटोकडे बघत होते, पण त्यांना फोटो दिसत नव्हता. जन्मात पहिल्यांदा मी निर्भेळ खरं बोलले होते आणि त्याला काडीची किंमत नव्हती. काट्याजवळ तिसरंच माणूस उभं होतं, आणि ते मी होते.

मला राग आला. त्यांचा, माझा, सगळ्यांचाच. "मग काट्याचा भरवसा वाटत नसेल तर काय करायचं असतं, भाऊजी? तुम्हीच शिकवलंत ना सगळ्यांना? आलेलं वजन खरं धरायचं नाही, परत तोलायचं! तोला मग!"

त्यांनी पेटी हळूच टेबलावर ठेवली आणि फोन काढला. मला वाटलं, टेम्पोवाल्याला फोन करतायत. त्यांनी फोनमध्ये नाव शोधलं नाही, एकेक आकडा स्वतः दाबला. तो नंबर त्यांनी साठवलेला नव्हता. त्यांना तो पाठ होता.

"मी बोलतोय," भाऊजी म्हणाले.

पलीकडे बाजाराचा गलका होता.

"पट्टी तू ठेवलीस, का तुझ्या बायकोनं?"

पुन्हा गलका. मग माझ्या नवऱ्याचा आवाज, इतका मोठा की मला टेबलाच्या अलीकडे स्वच्छ ऐकू आला. "तिला कुठलं जमतंय ते!"

ज्या बाईने त्याचं सगळं मशीन उभं केलं, तिच्याबद्दल हे. आयुष्यात कुठलाही अपमान मी इतक्या आनंदाने गिळलेला नाही.

"रोज ठेवत होतास?" भाऊजींनी विचारलं.

"रोज. तू?"

"रोज."

"मग भरतोयस कशाला खोकी?"

"मला दिसत नव्हती! तूच काहीतरी दाबलंस त्या दिवशी."

"मी बनवणाऱ्याचं सेटिंग घातलं. तूच शिकवलंयस!"

"काट्याचं शिकवलं! कॉम्प्युटरचं शिकवलं?"

मग त्यांची जुंपली. भाऊजी फोन धरून दुकानभर फिरत भांडत होते, आणि मी खुर्चीत बसून ऐकत होते. इतक्या वर्षांचं तुंबलेलं होतं, ते व्याजासकट बाहेर आलं. मधेच भाऊजी थांबले. खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "आणि तो काटा बरोबर होता. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं मी. त्या माणसासमोर."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. भाऊजींनी फोन ठेवला आणि बराच वेळ चष्मा पुसला.

टेम्पोवाला आला तेव्हा त्याच्याशी जाऊबाई बोलल्या. तो पुष्कळ बडबडला. मग त्या वर बांधलेल्या गाद्यांवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "गाठी तूच सोड गं बाई. मी रडत रडत बांधल्यात, माझ्याच्यानं सुटणार नाहीत."

संध्याकाळी नवरा आला. भाऊजी टेबलापलीकडे एका खोक्यातून पक्कड बाहेर काढत होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. फोनवर भांडणं वेगळं आणि समोरासमोर उभं राहणं वेगळं. नवऱ्याने पिशवी खुंटीला लावली, घसा खाकरला आणि सवयीने माझ्याकडे वळला.

"त्यांना सांग, सोमवारी बाजारातला मोठा काटा उचलायचाय. दोन माणसं लागतील."

मी टेबलापलीकडे वळले, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात भाऊजी मान वर न करता म्हणाले, "किती वाजता?"

"सातला निघू," नवरा म्हणाला.

"बरं."

मी तशीच तोंड उघडं ठेवून मधे उभी होते. मला कोणी काही सांगत नव्हतं, आणि सांगायलाही काही उरलं नव्हतं. मी चहा टाकायला वर गेले.